पूर ओसरल्यावरचे चिंचवड

शहर पाहावयाचे तर पायी पाहावे, आणि तेही पूर ओसरल्यानंतरच्या दोन दिवसांत पाहावे, असे माझे आता पक्के मत झाले आहे. एरवी शहर आपल्याला दाखवते ते उड्डाणपूल, रुंद रस्ते आणि दिव्यांची रोषणाई. पुरानंतर मात्र भिंतीभिंतीवर चिखलाची एक रेषा उमटलेली असते. ती कोठे घोट्याइतकी, कोठे कमरेइतकी आणि कोठे डोक्यावरून गेली आहे, एवढे पाहत चालले तरी त्या शहराचे अर्थशास्त्र कळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा असंख्य मुंबईकरांनी रेल्वेच्या रुळांवरून आणि तुंबलेल्या रस्त्यांतून पायी घर गाठले. आपल्या शहरातून मिठी नावाची नदी वाहते, हे त्यांच्यापैकी अनेकांना त्या रात्री कळले. आमच्या चिंचवडकरांची गत फारशी वेगळी नाही. पवना आम्हाला नळातून ठाऊक असते. ती नदी आहे हे ती पात्राबाहेर आली की आठवते.

२५ जुलै २०२४ रोजी पुणे जिल्ह्यात जो पाऊस झाला तो वाचकांच्या स्मरणात असेल. पुण्यात त्या दिवशी पहाटे नदीपात्रालगत आपली हातगाडी सुरक्षित जागी हलविताना तिघांचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. इकडे पवनेचे पाणी चिंचवडच्या मोरया गोसावी समाधिमंदिरात शिरले. मी राहतो तो निगडी-प्राधिकरणाचा भाग उंचावर आहे. आमच्या घराचे नुकसान म्हणाल तर दोन कुंड्या कलंडल्या आणि काही तास वीज गेली. आणखी एक गोष्ट घडली: धुणेभांडी करणाऱ्या बाई दोन दिवस आल्या नाहीत आणि त्यांचा फोनही लागेना. घरात त्यावरून थोडी कुरकुर झाली. त्या कुरकुरीची लाज वाटली म्हणून शनिवारी सकाळी छत्री घेऊन मी बाहेर पडलो. त्या नदीकाठी राहतात एवढेच मला माहीत होते. गेली सहा वर्षे त्या आमच्या घरी येत आहेत. मी त्यांच्या घरी कधी गेलो नव्हतो.

निगडीहून आकुर्डी, तेथून चिंचवड स्टेशन आणि पुढे चापेकर चौक हा रस्ता बहुतेक उताराचा आहे. वाहनातून तो उतार जाणवत नाही, साठीनंतरच्या गुडघ्यांना मात्र जाणवतो. पावसाच्या पाण्याची वाट हीच आहे. वरच्या भागात रस्ते धुऊन निघाले होते. खाली येऊ लागलो तसा कडेला गाळ दिसू लागला, चेंबरची झाकणे उचललेली दिसू लागली. २२ जून १८९७ च्या रात्री प्लेगच्या काळातील जुलमाविरुद्ध रँडवर गोळी झाडणारे चापेकर बंधू याच गावचे. त्यांच्या नावाच्या चौकातून चिंचवडगावात शिरलो आणि नदीकडे वळलो. मंदिराच्या परिसरात गावातील तरुण बादल्या आणि खराटे घेऊन फरशा धूत होते. पवनामाईने समाधीला स्नान घातले, असे एक वृद्ध भाविक समाधानाने म्हणाले. देवाला पुराचे दुःख नसते आणि त्याचे घर धुण्यास गाव धावून येते, ही चांगलीच गोष्ट आहे. त्याच नदीने आणखी कोणाकोणाला स्नान घातले ते पाहावयास मी पुढे निघालो.

चिंचवड आणि पिंपरी यांना जोडणाऱ्या रस्त्याने जाताना दर्शनी बाजूस दुकाने, फलक, वाहनांची विक्रीकेंद्रे आणि उंच इमारती लागतात. नदी त्यांच्या मागे असते आणि नदीकाठच्या वस्त्याही त्यांच्या मागेच असतात. तरुण एंगल्सने मँचेस्टर पायी पालथे घालून १८४५ साली इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या स्थितीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. श्रीमंत माणूस दुकानांच्या रांगांनी सजलेल्या हमरस्त्याने रोज ये-जा करतो आणि त्या दुकानांमागे इर्क नदीच्या काठी मजूर कोणत्या घाणीत राहतात हे त्याला कधीच दिसत नाही, असे त्याने त्यात दाखविले. हा ग्रंथ मी वर्गात अनेक वर्षे शिकविला, आणि माझ्याच गावच्या हमरस्त्यामागे काय आहे ते पाहण्यास मला मोलकरणीच्या दोन दिवसांच्या खाड्याचे निमित्त लागले, हे नमूद केले पाहिजे.

चौकशी करीत वस्तीत पोहोचलो. गल्ली तीन हात रुंद असेल. दोन्ही बाजूंना पत्र्याची आणि विटांची घरे. प्रत्येक घराचा संसार बाहेर मांडलेला. भिजलेल्या गाद्या, उलटी ठेवलेली शिलाई मशीन, पंख्याचे पाते, पाणी शिरून निकामी झालेला टीव्ही. दोरीवर कपड्यांच्या शेजारी चिमटे लावून रेशनकार्ड, शाळेचा दाखला, बँकेचे पासबुक वाळत घातले होते. गरिबाच्या घरात कागद ही सर्वांत मौल्यवान वस्तू असते, कारण तो आहे याचा पुरावा त्याच्याकडे दुसरा नसतो. बाई पाटीने गाळ काढीत होत्या. मला पाहून संकोचल्या.

"सर, तुम्ही कशाला आलात या चिखलात? सोमवारी येतेच आहे मी कामाला."

मी कामासाठी आलो नाही, हे त्यांना पटवावयास वेळ लागला. मग त्या बोलत्या झाल्या. पाणी पहाटे आले. धान्य माळ्यावर चढविले ते वाचले. पिठाचा डबा, शेगडी आणि मुलाची पुस्तके गेली. धाकट्याला खांद्यावर घेऊन सगळे शाळेत गेले, तेथे रात्र काढली. नवरा चाकणकडे एका कारखान्यात कंत्राटदाराकडून कामाला. त्याचे दोन दिवस भरले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेला नाही तर नाव कटेल, म्हणून तो चिखल तसाच टाकून पहिल्या पाळीला गेला होता. बाईंची चार घरे. त्यांतल्या एका घरी पगार कापणार असल्याचे त्यांना आधीच कळविण्यात आले होते. "पाणी येणार हे ठाऊक असतं हो सर. किती येणार आणि कधी येणार, एवढं कोणी वेळेवर सांगितलं तरी पुष्कळ." त्यांनी भिंतीवरची रेषा दाखविली. तिच्या जवळच, रंगाखाली दबलेली, आणखी एक रेषा होती. ती २०१९ ची.

ही निसर्गाची अवकृपा आहे काय? काही अंशी आहेच. पाऊस कोणत्याही वर्गाचा पक्षपाती नसतो. परंतु जमिनीवर पडल्यानंतर पाण्याचे काय होते, हे माणूस ठरवितो. हिशेब साधा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एका हेक्टरवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर दहा लाख लिटर. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचे क्षेत्र सुमारे १८१ चौरस किलोमीटर आहे. त्यावर शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर एक कोटी ८१ लाख घनमीटर पाणी होते, म्हणजे अर्ध्या टीएमसीहून अधिक. पवना धरणाची क्षमता सुमारे साडेआठ टीएमसी आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळेल. धरणाचे दरवाजे बंद असले तरी शहरावर पडलेले हे पाणी नदीतच येणार. पूर्वी ते शेतांत, माळरानांत, ओढ्यांच्या काठी मुरत असे. आता ते काँक्रीटवर पडते आणि तासाभरात सखल भागात पोहोचते. वरच्या भागातील प्रत्येक फरसबंद अंगण (माझेही त्यात आले) खालच्या वस्तीतील पाण्याची पातळी थोडी थोडी वाढवीत असते.

दुसरी गोष्ट नदीच्या पात्राची. काठावर रात्री राडारोड्याचे ट्रक रिकामे होतात. भर पडली की जमीन उंच होते, जमीन उंच झाली की तिला भाव येतो. नदी मात्र तेवढी अरुंद होते, आणि तेच पाणी अरुंद वाटेने जावयाचे तर उंच चढून जाते. चढलेले पाणी समोरच्या काठावर किंवा वरच्या अंगाला, जेथे भर घालण्याची कोणाची ऐपत नसते तेथे शिरते. तिसरी गोष्ट खालच्या बाजूची. पवना सांगवी-दापोडीजवळ मुळेला मिळते आणि मुळेवर मुळशीचे धरण आहे. याच धरणासाठी शंभर वर्षांपूर्वी मावळ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या आणि १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाने गाजलेला सत्याग्रह झाला. ते धरण भरून मुळेला पूर आला की पवनेचे पाणी तुंबते. पिंपरीतील संजय गांधीनगर, सांगवीतील मुळानगर ही नावे दर पुराच्या बातमीत का येतात, त्याचा उलगडा येथे होतो. तो योगायोग नव्हे.

आता प्रश्न असा की ही माणसे तेथे राहावयास गेलीच का? सुशिक्षितांच्या बैठकीत हा प्रश्न मोठ्या निरागसपणे विचारला जातो. त्याचे उत्तर या शहराच्या जन्मात आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. त्या सार्वजनिक कारखान्याने आपल्या कामगारांसाठी वसाहतही बांधली. १९६२ साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ आले, मोठमोठे कारखाने आले. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली. २००१ साली लोकसंख्या दहा लाखांवर गेली आणि २०११ च्या जनगणनेत ती सव्वासतरा लाखांवर पोहोचली. कारखान्यांना जमीन मिळाली, पाणी मिळाले, वीज मिळाली, रस्ते मिळाले. कामगाराला मिळाली ती फक्त पाळी. जो कायम होता त्याने सोसायटीत घर केले. जो हंगामी, कंत्राटी राहिला त्याच्या मजुरीत घरभाड्याची तरतूद कधी नव्हतीच. ती तूट त्याने नदीकाठी राहून भरून काढली.

१९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. औद्योगिक कामगारांना परवडणारी घरे मिळावीत, हा त्यामागचा एक प्रमुख हेतू होता. त्यासाठी गावोगावच्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेण्यात आल्या. साडेबारा टक्के जमीन परत मिळावी म्हणून त्या शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. प्राधिकरण २०२१ साली बरखास्त झाले. त्या जमिनीवर घरे झाली, बंगले झाले, सुंदर बागा झाल्या. धुणेभांडी करणाऱ्या बाईंचे घर मात्र झाले नाही. मी ज्या घरात बसून हे लिहितो आहे ते याच भूमीवर उभे आहे. त्यामुळे हा आरोप मी दुसऱ्या कोणावर करतो आहे, असा वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये.

कार्ल विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली खासगी उद्योगांच्या सामाजिक खर्चावर ग्रंथ लिहिला. उत्पादनाचा जो खर्च उत्पादकाच्या हिशेबवहीत येत नाही तो नाहीसा झालेला नसतो; तो कोणा त्रयस्थाच्या, बहुधा दुर्बळाच्या, माथी मारलेला असतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. बाईंच्या घरातील शेगडी, पुस्तके, दोघांचे खाडे, गाळ उपसण्याचे श्रम, मुलाचा नंतरचा ताप हा सगळा या औद्योगिक पट्ट्याचा खर्च आहे. तो कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. पंचनामा भांड्याकुंड्यांचा होतो, बुडालेल्या मजुरीचा होत नाही. केंद्राच्या मदतीच्या निकषांत घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली असण्याची अट अनेक वर्षे होती, आणि अशाच अटीवरून २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात राज्यभर टीकेची झोड उठली होती. पवनेचे पाणी दोन दिवस थांबत नाही. सहा तासांत संसार धुऊन नेण्यास ते पुरेसे असते.

यावर उपाय म्हणून पूररेषेचे नाव घेतले जाते. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जेथपर्यंत पोहोचतो ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणारा पोहोचतो ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, हे तत्त्व योग्यच आहे. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेत उभे राहिलेले ३६ बंगले राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०२४ च्या आदेशानुसार मे २०२५ मध्ये पाडण्यात आले. सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना संरक्षण दिले नाही. कायदा बंगल्यांनाही लागू होतो हे दिसले, याचे काहींना समाधान वाटले. मला ते पुरतेपणी वाटले नाही. नदीच्या पात्रालगत भूखंड पाडले जातात, विकले जातात, त्यांवर मजले चढतात, आणि मग एके दिवशी बुलडोझर येतो. त्यात घर घेणारा उघड्यावर पडतो. भूखंड विकून पैसा ज्याच्या हाती गेला, त्याचे घर मात्र कोरडेच राहते.

आणि येथे आपल्यासंबंधीही एक गोष्ट बोलली पाहिजे, ती आपल्या कार्यकर्त्यांना कदाचित रुचणार नाही. झोपडी हटवू देणार नाही, ही आपली जुनी घोषणा. त्या घोषणेसाठी अनेकांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगला, आणि तिच्यामुळे हजारो कुटुंबांचे छप्पर वाचले. परंतु दर काही वर्षांनी गळ्यापर्यंत पाणी येते त्या जागी माणसाचा राहण्याचा हक्क राखला, एवढ्याने आपले कर्तव्य संपते काय? बाईंना मी विचारले, दुसरीकडे घर मिळाले तर जाल का? त्या म्हणाल्या, "जाईन की. पण माझी चार घरं आणि पोरांची शाळा तिथून चालत गाठता आली पाहिजे. नाहीतर मी इथंच बरी." दूर कोठेतरी इमारतीत नेऊन टाकणे हे पुनर्वसन नव्हे, हे त्यांना आपल्या ठरावांहून नेमके ठाऊक आहे; आणि बुडत राहणे हा हक्क नव्हे, हेही ठाऊक आहे. आपली घोषणा या दोन्ही गोष्टी सांगणारी झाली पाहिजे. आधी कामाच्या जवळ घर, मग काठ मोकळा, अशी ती असावी.

या नदीच्या वरच्या अंगाला मावळ आहे. पवना धरणातून बंद जलवाहिनीने शहराला पाणी आणण्याच्या योजनेला तेथील शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर झालेल्या गोळीबारात तिघे मारले गेले. त्यांत एक स्त्री होती. वरचा शेतकरी पाणी जाईल म्हणून भितो, खालचा मजूर पाणी येईल म्हणून भितो. मधल्या शहराला नळ सुरू आहे तोवर दोघांचेही नाव माहीत नसते. या दोघांना परस्परांशी बोलते करणे हे आपल्याखेरीज कोण करणार?

मागण्या थोड्या आणि नेमक्या असाव्यात. धरणातून पाणी सोडण्याची व नदीची पातळी वाढण्याची सूचना वस्तीतल्या माणसाला समजेल अशा शब्दांत, किती तासांत आणि कोणत्या खुणेपर्यंत पाणी येईल हे सांगून, आगाऊ मिळावी. पंचनाम्यात बुडालेली मजुरी धरावी आणि कंत्राटी कामगाराचा पुराचा खाडा पगारी मानावा. काठावर पडणाऱ्या राडारोड्याचा खर्च टाकणाऱ्याकडून वसूल व्हावा आणि ती भर उचलली जावी. सार्वजनिक जमिनीवरील घरांचा पहिला हक्क निळ्या रेषेतील भाडेकरूंसह सर्व कुटुंबांना असावा, आणि ती घरे त्यांच्या कामापासून पायी जाण्याच्या अंतरावर असावीत.

या मागण्यांना बळ यावयाचे तर आधी माहिती हवी. धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली ती घरोघर माणसे पाठवून. आपल्यालाही तेच करावयाचे आहे. पुढचा पूर येईल तेव्हा निवेदनाचा कागद घेऊन कार्यालयात जाण्यापूर्वी प्रत्येक प्रभागातील दोघा-तिघांनी वही आणि मोजपट्टी घेऊन वस्तीत जावे. पाणी किती वाजता आले, भिंतीवरची रेषा जमिनीपासून किती उंच आहे, किती खाडे झाले, कोणते कागद गेले, एवढे घरागणिक लिहून घ्यावे. रंग देण्यापूर्वी ते लिहिले पाहिजे, कारण रंग दिला की पुरावा जातो.

बाई सोमवारी कामावर आल्या. त्यांचे दोन दिवस आमच्या घरी कापले गेले नाहीत. परंतु एका प्राध्यापकाच्या ओशाळलेपणावर चार घरांचा प्रश्न सुटत नाही, मग शहराचा कोठून सुटणार? त्या आठवड्यात मी पुन्हा त्यांच्या वस्तीत गेलो, तो या वेळी मोजपट्टी घेऊन. त्यांच्या भिंतीवरची रेषा जमिनीपासून चार फूट दोन इंच भरली. वहीतली ती पहिली नोंद आहे. तिच्याखाली बरीच पाने कोरी आहेत.